नखाखालची जिव्हाळी

सिस्टर, तुम्हाला जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील, आणि आज मला बँकेत सांगण्यात आलं की मी जिवंत आहे असं दिसत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. हे ऐकून तुम्ही हसला असतात की नाही, ठाऊक नाही. हसताना तुम्ही खालचा ओठ दातांखाली धरायचात, त्यामुळे हसताय की रागावताय हे वर्गाला शेवटपर्यंत कळायचं नाही. मी मात्र हसले नाही. मी काउंटरसमोरच्या बाकावर जाऊन बसले आणि सांगितलं, मी जिवंत असल्याचं कुणीतरी लिहून दिल्याशिवाय इथून उठणार नाही.

तुमच्या काळात हे नव्हतं, म्हणून सांगते. आम्हा निवृत्त लोकांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण मेलो नाही हे दाखवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. पूर्वी एका कागदावर सही केली की काम व्हायचं. आता अंगठ्याचं मशीन आहे. भाईंदरच्या आमच्या शाखेत ते चालवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची, गोड आहे, पण तिला खुर्चीत बसल्याबसल्या कुठेतरी पळायचं असतं. "आन्टी, थंब नहीं आ रहा," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही कसा? हा काय, हाताला लागूनच आलाय." ती म्हणाली, "मशीन रीड नाही करत. केसांना घासा ना जरा, तेल लागेल." केसांना घासला. कपाळाला घासला. डावा झाला, उजवा झाला, मग एकेक करून दहाही बोटं झाली. मागून एक गुजराती काका म्हणाले, "बेन, जरा जल्दी करो ने." मी वळून म्हटलं, "काका, तुमची पण बोटं माझ्याच वयाची आहेत, थांबा जरा, तुमचीही मजा बघायचीय." मग त्या मुलीने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "आन्टी, पापण्या हलवा." हलवतेय. "अजून हलवा." माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याहून जास्त काय हलवणार? मोबाइलवर इंग्रजीत अक्षरं उमटली. समोर जिवंत चेहरा सापडत नाही, असा त्यांचा अर्थ. मी ती वाचली. उच्चारासकट वाचली, तुम्हाला अभिमान वाटला असता.

तिने आतून एका साहेबांना बोलावलं. ते आले आणि फार प्रेमाने म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. एक क्विक रस्ता आहे." एक फॉर्म पुढे केला. अंथरुणाला खिळलेल्या, चालता न येणाऱ्या, बोललेलं न समजणाऱ्या निवृत्तांसाठीचा फॉर्म. त्यावर मी सही करायची, मग बँकेचा माणूस घरी येऊन टिक करून जाईल. मी म्हटलं, "मी गोडदेवहून चालत आलेय." ते म्हणाले, "हो ना, फक्त फॉर्मपुरतं. सगळेच करतात. क्विक होऊन जाईल." म्हणजे बघा सिस्टर, जिवंत आहे हे सिद्ध करायचं तर आधी अर्धी मेले आहे असं लिहून द्यायचं. मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "खोटं आहे. मी सही करणार नाही. तुम्ही जुना कागद काढा, माझ्याकडे नीट बघा आणि लिहा की ही बाई जिवंत आहे. बघायला तुम्हाला डोळे आहेत." त्यांनी सांगितलं की कागदावर फक्त मॅनेजर सही करू शकतात आणि मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, मी बसते. सकाळचे अकरा वाजले होते.

आणि तिथे बसल्यावर तुम्ही आठवलात. तो शब्द ऐकला म्हणून. क्विक. तुमचा शब्द. कॉन्व्हेंटच्या वर्गात टाळी वाजवायचात, दोनदा, कोरडी, आणि म्हणायचात, "क्विक, चाइल्ड, क्विक!" मी हळू होते. हळू का होते, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुमचा प्रश्न इंग्रजीत यायचा, तो मी पुस्तकातल्या मराठीत आणायची, मग आमच्या घरच्या कोळी बोलीत, तिथे उत्तर सापडायचं, आणि मग त्याला घेऊन तेवढाच रस्ता उलटा चालायचा. तोवर तुमची दुसरी टाळी वाजलेली असायची. मुली मला बैलगाडी म्हणायच्या. पुढे मी सरकारी कचेरीत लघुलेखिका झाले, साहेबांच्या तोंडातून निघालेला शब्द हवेत असतानाच कागदावर उतरवायची, आणि तिथल्या एकाही माणसाने मला हळू म्हटलं नाही. चौतीस वर्षं. तरी टंकलेखन यंत्राची पहिली कळ दाबताना रोज कानात तुमच्या त्या दोन टाळ्या वाजायच्या. तुम्हाला वाटेल हे मी आभार मानतेय. नाही मानत.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे जी तुम्हाला ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक होती आणि तुम्ही आम्हाला अर्धीच सांगितलीत. निवृत्त झाल्यावर स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे मला इंग्रजी शब्दांच्या मुळांचा एक जाडजूड कोश मिळाला. पाठचा पुठ्ठा गेलेला, पण आतली पानं शाबूत. घरी आणून मी आधी तुमचाच शब्द काढला. हिशेब चुकता करायचा म्हणून काढला म्हणा. तर सिस्टर, त्या शब्दाचा वेगाशी काही संबंध नव्हता. शेकडो वर्षं नव्हता. क्विक म्हणजे जिवंत. एवढंच. जो श्वास घेतो तो क्विक. पारा हलतो, जिवंत असल्यासारखा पळतो, म्हणून तो क्विकसिल्व्हर, जिवंत चांदी. पाणी पडल्यावर फसफसतो तो कळीचा चुना क्विकलाइम, जिवंत चुना. पोटातलं मूल पहिल्यांदा हललं की आईला कळतं ते जिवंत होणं, त्यालाही हाच शब्द. जिवंत माणूस हलतो, हलणारा चपळ असतो, चपळ माणूस लवकर आटपतो, असं करत करत पुढे कधीतरी त्या शब्दाला घाई चिकटली. आणि त्याच पानावर खाली, बारीक अक्षरात, त्याची भावंडं दिलेली. ग्रीकमधलं, लॅटिनमधलं, आणि संस्कृतमधलं. संस्कृतमधलं भावंड म्हणजे जीव. आपला जीव. माझा, माझ्या आयचा, बाजारातल्या प्रत्येक बाईच्या तोंडी दिवसातून दहादा येणारा जीव. एकाच आजीच्या दोन नाती. एक तिकडे थंडीत जाऊन राहिली, एक इथे आमच्या खाडीकाठी.

मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते. राग आला होता. कारण वर्गात मराठी शब्द तोंडातून निघाला की तुम्ही आमच्या गळ्यात शिक्षेची लाकडी पाटी अडकवायचात, दिवसभर. आणि तुम्ही तरी कुठून आलेल्या? गोव्याकडच्या. मेणबत्तीचं मेण हातावर पडलं तेव्हा तुम्ही 'म्हज्या देवा' म्हणालात, मी ऐकलं होतं. तुमच्या घरीही जीवाला जीवच म्हणत असणार. तुमची पाटी तुमच्या गळ्यात कुणी घातली नाही.

पण बाकावर बसल्यावर पाटी नाही आठवली. आठवली शिवणाची खोली.

दर सोमवारी प्रार्थनेनंतर तुम्ही नखं तपासायचात. मुली हात पालथे धरून रांगेत उभ्या, तुमच्या हातात फूटपट्टी. आमच्या पाड्यातली त्या शाळेत मी एकटीच. बाबा मिठागरावर मुकादम होते, त्यांना मुलीला इंग्रजी यायला हवं होतं, म्हणून त्यांनी मला तिथे घातलं. आय मासळी विकायची. पहाटे उठून आम्ही दोघी करंदी सोलायला बसायचो. थंडगार, बारीक, एकेक करून कवच काढायचं. आयची बोटं दिसायची नाहीत एवढी भरभर चालायची, आणि तिला कधी कुणी टाळ्या वाजवून दाखवल्या नव्हत्या. माझ्या नखांत ते पांढरं राहायचं आणि कितीही धुतलं तरी वास राहायचा. पाचवीत असताना एका सोमवारी तुम्ही माझा हात नाकापर्यंत नेलात, खाली सोडलात आणि सगळ्या रांगेसमोर म्हणालात, उद्या आईला घेऊन ये, मला तिच्याशी बोलायचंय. मी पाहिलं डोळ्यांसमोर. आय येईल. कासोट्याचं लुगडं, डोक्यावर टोपली, मोठा आवाज. फाटकापासूनच विचारील, "कुटं हाय माजी पोर?" आणि पहिल्या बाकावरच्या मुली बघतील. मी म्हटलं, "माय मदर इज डेड, सिस्टर."

तुमचा चेहरा बदलला. फूटपट्टी खाली गेली. पुढच्या सोमवारी तुम्ही मला रांगेतून बाजूला काढून शिवणाच्या खोलीत नेलंत, स्टुलावर बसवलंत आणि तुमच्या लहानशा कात्रीने माझी नखं स्वतः कापलीत. मग दर सोमवारी. वर्षानुवर्षं. बोटं तुमच्या तळहातावर, कोमट. त्या खोलीत तुम्ही कधी टाळी वाजवली नाहीत. मला सगळ्या आठवड्यात तेवढी दहा मिनिटं आवडायची, हे मी तुमच्यापासून लपवलं आणि स्वतःपासूनही.

एकदा कात्री खोल गेली. रक्त आलं. मी ओरडले, "आय गं!" तुम्ही कापूस दाबलात आणि म्हणालात, "इंग्लिश, चाइल्ड." रक्त वाहतंय आणि इंग्लिश, चाइल्ड! मग मऊ आवाजात म्हणालात, नखाखालचा हा जो भाग दुखतो ना, त्याला द क्विक म्हणतात, कारण तो जिवंत असतो, वरचं नख मेलेलं असतं. मला तेव्हाच सांगायचं होतं, आमच्याकडे त्याला जिव्हाळी म्हणतात. आयने मागच्याच महिन्यात म्हटलं होतं, नख जास्त नको काढू, जिव्हाळी लागंल. जीव तिथेही, जीव इथेही. मी दहा वर्षांची होते आणि जाड पुस्तकात जे छापलंय ते माझ्या बोटाच्या टोकावर होतं. पण मराठी बोलायची बंदी, आणि शिवाय आय म्हणाली असं कसं सांगणार? आय मेली होती.

आणि नोव्हेंबर आला. तुमच्याकडे तो मेलेल्या माणसांचा महिना. चॅपेलच्या दाराशी पेटी ठेवलेली, आपापल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून टाकायची, महिनाभर त्यांच्यासाठी प्रार्थना. बाकीच्या हिंदू मुलींना तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत. मला दिलीत. मायेने दिलीत. मी आयचं नाव लिहिलं, जोडून काढायच्या इंग्रजी अक्षरांत, तुम्ही शिकवलेल्या वळणात, शाई न सांडता. पुढच्या नोव्हेंबरातही. त्याच्या पुढच्याही. शाळा सुटेपर्यंत प्रत्येक वर्षी मी एक चिठ्ठी टाकली.

बँकेत दीड वाजता मॅनेजर बाहेर आले. तरुण बाई आहेत, मला वाटलं होतं पुरुष असेल. त्यांनी त्या साहेबांकडून ऐकून घेतलं, मग माझ्याकडे आल्या. "मॅडम, सकाळपासून बसलाय? जेवलात?" मी म्हटलं, "मेलेल्या बायका जेवत नाहीत." त्या हसल्या, खरंच हसल्या, आणि बाजूला बसून जुना कागद भरू लागल्या. साहेबांनी पुन्हा म्हटलं, "मॅडम, तो दुसरा फॉर्म क्विक झाला असता." मॅनेजर म्हणाल्या, "यांनी नाही म्हटलंय ना?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नीट, कागदावरच्या फोटोकडे पाहिलं, परत माझ्याकडे, आणि लिहिलं : पेन्शनधारक आज समक्ष हजर, जिवंत आहेत. सही. शिक्का. अडीच तास, दहा बोटं, दोन डोळे, एक मॅनेजर. मी जिंकले होते. उठून त्या साहेबांकडे असं पाहिलं की तुम्ही पट्टी मारली असतीत.

आणि दाराबाहेर येऊन कागद पिशवीत ठेवताना माझे पाय थांबले. एका माणसाला जिवंत लिहायला एवढं लागलं. आयला मेलेली लिहायला मला एक चिठ्ठी पुरली होती. कुणी अंगठा मागितला नाही, कुणी तोंड बघितलं नाही. आज मी खोट्या कागदावर सही करणार नाही म्हणून भांडले, आणि माझ्या आयुष्यातल्या पहिल्या सह्या त्या पेटीत आहेत.

तुम्हाला वाटत असेल मी माफी मागायला लिहितेय. नाही. तुमची माफी मी मागणार नाही. आई मेलेली असल्याशिवाय जिथे मुलीचा हात हातात घेतला जात नव्हता, ती शाळा तुमची होती. वास येणाऱ्या जिवंत बाईला बोलावून तुम्ही काय बोलणार होतात, ते मी त्या दिवशी तुमच्या नाकावर वाचलं होतं. हे मी आजही म्हणेन, तुमच्यासमोर उभं राहून म्हणेन, टाळी वाजवा नाहीतर काही करा. दहावीनंतर तुम्ही ती कात्री मला देऊन टाकलीत. ती अजून माझ्या खणात आहे, गंजलीय, आणि मी नखं अजून इतकी खोल कापते की दोन दिवस दुखतात. हेही तुमच्याच नावावर लिहून ठेवा.

पण एक राहिलंय, आणि ते मी पन्नासहून जास्त वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी शुक्रवारी एक मासेवाली यायची. तिचे बोंबील तुम्हाला आवडायचे, ताजे असायचे. तुम्ही स्वतः येऊन घ्यायचात. तीच आय. नोव्हेंबरातले चार शुक्रवार तुम्ही तिच्याकडून बोंबील घ्यायचात आणि संध्याकाळी तिच्या आत्म्यासाठी गुडघे टेकायचात. मी वर्गाच्या खिडकीतून बघायची. आयला मी सांगितलं होतं की शाळेत मला ओळख दाखवायची नाही, तिथला नियम आहे. तिने नियम पाळला.

मी आयुष्यभर स्वतःला सांगत आले, सिस्टरनी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. हळू का आहेस, हे विचारलं असतं तर. हे पत्र मी त्याच वाक्याने सुरू करणार होते. ते खोटं आहे. तुम्ही विचारलं होतंत. मी नववीत होते, तुम्ही मला स्वयंपाकघरातून पाण्याचा जग आणायला पाठवलंत आणि मागोमाग आलात. शुक्रवार होता. आय दारात बसलेली, सुरीने बोंबलांची डोकी काढत होती. तुम्ही तिच्या हातांकडे पाहिलंत, मग जग धरलेल्या माझ्या हातांकडे. बराच वेळ. मग कधी नव्हे त्या हळू आवाजात मला विचारलंत, या बाईला ओळखतेस का? आणि तिला, तुमच्या घरच्या भाषेत, "ही तुजी चली?" ही तुझी मुलगी का, असं. तुम्हाला कळलं होतं. आता मला वाटतं, तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही दार उघडून धरलं होतं.

आयने वर पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मग माझं ऐकून ती म्हणाली, "न्हाय वो बाय. माज्या पोरीला कुटलं इंग्लिस येतंय?" आणि पुन्हा सुरी चालवू लागली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुजी मास्तरीण बरी हाय. मच्छी उलटीपालटी न्हाय करत." त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली.

हे पत्र कुठे पाठवणार? कात्रीच्या खणात ठेवतेय, आजच्या कागदाच्या झेरॉक्ससोबत. त्या दारात तुम्ही मला क्विक म्हणाला नाहीत, सिस्टर. गरजच पडली नाही. तुमचा प्रश्न संपतो न संपतो तोच, न अडखळता, सरळ इंग्रजीत, मी "नो, सिस्टर" म्हणून मोकळी झाले होते.